मित्राची लेक इंडियानात शिकते, म्हणून तो गद्दार?

ताई,

मी ४७ वर्षांचा, इंडियानापोलिसजवळ राहतो. पुण्यात इंजिनिअरिंग करून २००२ मध्ये पर्ड्यू विद्यापीठात एमएस करायला आलो. पहिल्याच आठवड्यात कोल्हापूरचा एक मुलगा रूममेट म्हणून मिळाला. त्या पहिल्या हिवाळ्यात आम्हा दोघांत मिळून एकच जाड जॅकेट होतं. ज्याची सकाळी आठची लॅब असेल, त्याने ते घालायचं. तो आजही माझा सगळ्यात जवळचा मित्र आहे. की होता, ते कळत नाही.

दरवर्षी थँक्सगिव्हिंगच्या सुमारास पर्ड्यू आणि इंडियाना युनिव्हर्सिटीची ‘ओल्ड ओकन बकेट’ या करंडकासाठी फुटबॉल मॅच होते. वीस वर्षं ती आम्ही एकत्र पाहिली, एक वर्ष माझ्या घरी, एक वर्ष त्याच्या. हाफटाइमला मिसळ ठरलेली. २०१८ मध्ये आपण, म्हणजे पर्ड्यूने, ओहायो स्टेटला हरवलं त्या रात्री आम्ही दोघं स्टेडियममध्ये होतो, मैदानात उतरून गळ्यात पडून रडलो होतो.

२०२४ मध्ये त्याची मुलगी इंडियाना युनिव्हर्सिटीत शिकायला गेली. त्या नोव्हेंबरात आपण ६६-० हरलो, तेव्हा हा लेकीबरोबर तिच्या कॉलेजच्या गावी, ब्लूमिंग्टनला, इंडियानाचा लाल शर्ट घालून बसला होता. फोटोही ग्रुपवर टाकला. मी हसण्यावारी नेलं. पुढच्या वर्षी ५६-३. मग यंदा १९ जानेवारीला इंडियाना नॅशनल चॅम्पियन झाली आणि त्याने ग्रुपवर लिहिलं, ‘जिंकलो आपण!’ आपण? मी लिहिलं, तू आपल्याला सोडून गेलेल्या कोच ब्रॉमसारखाच निघालास, सोय बघून घर बदलणारा, गद्दार. (ओघात त्याच्या मुलीच्या अ‍ॅडमिशनवरूनही एक वाक्य गेलं.) ग्रुपवर आम्ही चौदा जण, सगळे पर्ड्यूचे. तो एक शब्द न बोलता ग्रुप सोडून गेला. तीन महिने झाले, फोन नाही. पाडव्याला त्याच्या मुलीचा न चुकता ‘काका’ म्हणून मेसेज येतो, तोही आला नाही.

बायको म्हणते, हा पोरखेळ आहे. मला तसं वाटत नाही. कोच येतात-जातात, खेळाडूही हल्ली दरवर्षी कॉलेज बदलतात. चाहत्यानेही बदलायचं ठरवलं तर मागे राहिलं काय? खरं सांगतो, फायनल मी एकट्याने बेसमेंटमध्ये बसून पाहिली. चौथ्या डाउनला, म्हणजे शेवटच्या संधीला, इंडियानाचा मेंडोझा १२ यार्ड धावत आत घुसला तेव्हा मी ताडकन उभा राहिलो होतो. मग स्वतःचाच राग आला.

माझं चुकलं का? की निष्ठेला आता काही किंमतच राहिली नाही?

– एक बॉयलरमेकर (म्हणजे पर्ड्यूवाला)



नमस्कार,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य तुम्ही कंसात टाकलंय. मित्राच्या मुलीच्या अ‍ॅडमिशनवरून ‘ओघात’ गेलेलं. ते वाक्य नेमकं काय होतं, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ६६-० तुम्हाला आठवलं, ५६-३ आठवलं, मेंडोझा किती यार्ड धावला तेसुद्धा आठवलं. हे एकच वाक्य तेवढं कागदावर उतरलं नाही. मला वाटतं, ते पुन्हा लिहायला तुमचा हात धजला नाही. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. हो, चुकलं.

पण तुमच्या पत्नीशीही मी सहमत नाही. हा पोरखेळ मुळीच नाही. मी स्वतः लग्नानंतर अकरा वर्षं लाफिएटमध्ये काढली आहेत. गावाच्या मधून वॉबॅश नदी, पलीकडे वेस्ट लाफिएट आणि पर्ड्यू. मॅचच्या शनिवारी सकाळपासून पुलावरून पर्ड्यूच्या काळ्या-सोनेरी कपड्यांतली माणसं चालत जायची. नातवाचा हात धरलेले आजोबा, कडेवर तान्ही बाळं, कॉलेज सोडून चाळीस वर्षं झालेल्या बायका. रेल्वे इंजिनासारखी दिसणारी ती बॉयलरमेकर स्पेशल गाडी शिट्टी मारत फिरायची आणि आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत आवाज यायचा. मला तेव्हा फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. तरीही त्या दिवशी घरात बसवायचं नाही.

आपल्याकडे कॉलेजवर एवढा जीव सहसा कोणी टाकत नाही, म्हणून इकडच्या लोकांना तुमचं दुःख चटकन कळणार नाही. पण तुमचा मित्र कोल्हापूरचा आहे. त्याला हे कोणी शिकवायची गरज नव्हती. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारची मॅच असली की पेठच्या पेठ कशी उतरते, आणि एखादा खेळाडू एका तालमीतून दुसऱ्या तालमीत गेला की चौकाचौकात किती दिवस त्याचीच चर्चा चालते, हे तो लहानपणापासून बघत आला असेल. माझा असा अंदाज आहे की तुम्हाला पर्ड्यूचं वेड त्याच्याकडूनच लागलं असणार. पुण्याच्या मुलाला फुटबॉलचा एवढा लळा आपोआप लागत नाही.

आता तुम्ही काढलेल्या ब्रॉमच्या उदाहरणाकडे येते, कारण त्याच्यावर मला बरंच बोलायचं आहे.

जेफ ब्रॉम २०१७ च्या सीझनपासून पर्ड्यूचा कोच. माणूस केंटकीतल्या लुईव्हिलचा. तिथेच वाढला, लुईव्हिल विद्यापीठाचा क्वार्टरबॅक होता, त्याचे वडील आणि भाऊसुद्धा तिथूनच खेळलेले. म्हणजे त्याचं घराणंच त्या कॉलेजचं. २० ऑक्टोबर २०१८ ला त्याच्या टीमने देशात दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या ओहायो स्टेटला ४९-२० असं लोळवलं. टायलर ट्रेंट नावाचा पर्ड्यूचा विद्यार्थी हाडांच्या कॅन्सरने आजारी होता. पर्ड्यू जिंकणार, हे त्याने आधीच सांगून ठेवलं होतं. त्या रात्री तो स्टेडियममध्ये होता. १ जानेवारी २०१९ ला तो गेला. तुम्ही दोघं त्या रात्री मैदानात रडलात ते नुसत्या स्कोअरपायी नव्हतं, हे मला ठाऊक आहे. मी टीव्हीसमोर बसून रडले होते.

त्या विजयानंतर महिन्याभरात लुईव्हिलने आपला कोच काढला आणि ब्रॉमला बोलावणं धाडलं. सगळ्यांनी गृहीत धरलं की हा जाणार. घरचं बोलावणं, कोण नाही म्हणेल? ब्रॉम नाही म्हणाला. पर्ड्यूत थांबला. पुढे चार वर्षं राहिला, २०२१ आणि २०२२ ला बकेट जिंकून दिली, २०२२ मध्ये टीमला बिग टेन या विद्यापीठांच्या गटाच्या फायनलपर्यंत नेलं. तिथे मिशिगनने ४३-२२ हरवलं. त्यानंतर आठवड्याच्या आत लुईव्हिलची जागा पुन्हा रिकामी झाली, आणि या वेळी तो गेला. मागे राहिलेली टीम सिट्रस बोल या मॅचमध्ये एलएसयूकडून (लुइझियाना स्टेट) ६३-७ अशी हरली. ती जखम मला कळते. उरलेल्या मुलांना तसं उघड्यावर पडलेलं बघवत नव्हतं.

पण जरा तुमचंच म्हणणं त्याला लावून बघा. तुम्ही म्हणता, ज्या कॉलेजने घडवलं त्याला माणसाने जन्मभर धरून राहावं. ब्रॉमने दुसरं काय केलं? त्याला घडवणारं कॉलेज लुईव्हिल होतं, पर्ड्यू नव्हे. पर्ड्यू त्याची नोकरी होती, आणि त्या नोकरीखातर त्याने एकदा घरचं बोलावणंही परतवलं होतं. ‘सोय बघून घर बदलणारा’ म्हणून तुम्ही ज्याचं नाव घेतलंत, तो घर बदलणारा नव्हता, घरी परतलेला होता. त्याच्यावर रागवायचा तुम्हाला हक्क आहे, कारण डिसेंबरात ज्याची टीम उघडी पडली तो चाहता रागावणारच. मात्र त्याचं नाव घेऊन मित्राला गद्दार ठरवायला गेलात, तर तुमची निष्ठेची व्याख्या तुमच्याच विरुद्ध साक्ष देते.

आणि पर्ड्यूचा बास्केटबॉल कोच मॅट पेंटर? बास्केटबॉलचं तुम्ही पत्रात नावही काढलं नाहीत, याचं मला आश्चर्य वाटलं, कारण गेली कित्येक वर्षं पर्ड्यूच्या माणसाने मान ताठ ठेवावी अशी जागा तीच आहे. पेंटर पर्ड्यूचाच विद्यार्थी. जीन कीडींच्या हाताखाली खेळला, २००५ मध्ये त्यांचीच जागा घेतली, तेव्हापासून तिथेच आहे. २०११ मध्ये मिसूरी विद्यापीठाने त्याला जवळजवळ नेलाच होता, तरी राहिला. मार्च २०२३ मध्ये स्पर्धेत पहिलं मानांकन असलेली त्याची टीम सोळाव्या मानांकनाच्या फेअरली डिकिन्सनकडून ६३-५८ हरली. देशभर हसं झालं. काढा याला, म्हणणारे तेव्हा कमी नव्हते. पर्ड्यूने काढला नाही, आणि पुढच्याच वर्षी तो टीमला १९६९ नंतर पहिल्यांदा नॅशनल फायनलमध्ये घेऊन गेला. आज पर्ड्यूच्या निष्ठेचं नाव काढलं की पहिला चेहरा त्याचा येतो. हा माणूस इंडियानातल्याच मन्सीला वाढला आणि लहानपणी चाहता होता इंडियाना युनिव्हर्सिटीचा. लाल टीमसाठी टाळ्या वाजवणाऱ्या मुलाच्या अंगात पुढे काळा-सोनेरी रंग इतका भिनला. तुमच्या मित्राच्या अंगातला रंग एका लाल शर्टाने धुऊन निघेल, असं तुम्हाला का वाटावं?

बाप लेकीच्या सासरच्या गणपतीला जातो. आरतीला उभा राहतो, मोदक खातो, तिकडच्या देखाव्याचं कौतुकही करतो. म्हणून त्याने आपल्या घरचा गणपती सोडला, असं कोणी म्हणत नाही. तुमचा मित्र ब्लूमिंग्टनला बसला होता तो लेकीशेजारी बसला होता. ६६-० ऐवजी ०-६६ असतं तरी तो तिथेच बसला असता. आपल्यासारख्यांची मुलं तिकडे अठराव्या वर्षी घर सोडतात, आणि मग त्यांच्या नव्या जगात शिरायला आई-बापाला फार थोड्या वाटा उरतात. ती काय शिकते ते त्याला धड कळत नसेल, तिच्या मैत्रिणींची नावं लक्षात राहत नसतील. शनिवारी तिच्याबरोबर एका रंगाचा शर्ट घालून ओरडणं, ही एक वाट त्याला सापडली.

फोटो ग्रुपवर टाकायला नको होता, हे मात्र मी मान्य करते. त्या दिवशी नको होता. ६६-० नंतर दुसऱ्याच दिवशी पर्ड्यूने कोच रायन वॉल्टर्सला काढलं, इतका तो पराभव जिव्हारी लागला होता. त्याच्या जागी ओडम आला, दोन मॅच जिंकल्या, मग ओळीने दहा हरल्या. आणि हे चालू असताना शेजारी काय घडत होतं? फुटबॉलमध्ये पिढ्यान् पिढ्या मार खाल्लेल्या इंडियानात नोव्हेंबर २०२३ मध्ये कर्ट सिग्नेटी कोच म्हणून आला. आल्या आल्या त्याने बास्केटबॉलच्या मॅचमध्ये माइक हातात घेतला आणि पर्ड्यू, मिशिगन, ओहायो स्टेट या तिघांनाही एका दमात टाकाऊ म्हणून टाकलं. पहिल्या वर्षी ११ विजय. दुसऱ्या वर्षी १६ पैकी १६. इंडियानाचं याआधीचं बिग टेन विजेतेपद १९६७ चं होतं, आणि तेसुद्धा मिनेसोटा आणि पर्ड्यूबरोबर वाटून घेतलेलं. साठ वर्षं जो शेजारी आपल्याच बरोबरीने रखडत होता, तो दोन वर्षांत आकाशाला जाऊन भिडला. पोटात दुखणारच. तुम्हाला दुखलं यात काही खोटं नाही, आणि ते मित्राने ओळखायला हवं होतं. वीस वर्षं बरोबर बसलेला माणूस कुठे हळवा आहे, हे त्याच्याइतकं दुसऱ्या कोणाला माहीत असणार?

पण तुमचं खरं दुखणं पराभवाचं नाही. तुमच्याच पत्रात ते आहे. बेसमेंटमध्ये एकटे बसला होतात. मेंडोझा घुसला आणि तुम्ही उभे राहिलात.

मी ते वाक्य दोन-तीनदा वाचलं. दोन तपं ज्या राज्यात घर केलं, कर भरला, मुलं वाढवली, बर्फ उपसलं, त्या राज्याची टीम मायामीसमोर चौथ्या डाउनला जीव खाऊन धावत होती आणि तुमचं शरीर तुम्हाला न विचारता उभं राहिलं. तो मेंडोझा तरी कुठला? मुळात मायामीचा, कॅलिफोर्नियात बर्कलीला खेळून एका वर्षासाठी आलेला. त्याला ‘आपला’ म्हणायला त्या रात्री इंडियानात कोणालाही अडचण आली नाही. तुम्हालाही क्षणभर आली नाही. थोड्या वेळाने मित्राने ग्रुपवर लिहिलं, ‘जिंकलो आपण’. जे तुम्ही उभं राहून म्हणालात ते त्याने टाइप केलं, इतकाच फरक. तुम्ही त्याला जे सुनावलंत ते आधी स्वतःला सुनावून झालं होतं.

शिवाय त्या ‘आपण’मध्ये तुम्ही होतात, असं मला वाटतं. त्याला फक्त इंडियानाचा उदो उदो करायचा असता तर तो लेकीच्या कॉलेजच्या पालकांमध्ये केला असता. तो तुमच्याकडे आला. चुकीच्या ग्रुपवर, चुकीच्या वेळी, पण ती मॅच एकट्याने बघणं त्यालाही जड गेलं असेल.

थट्टा करायला माझा विरोध नाही. उलट मी चिडवाचिडवीत वाढलेली बाई आहे. पुण्यात पुरुषोत्तम करंडकाच्या वेळी भरत नाट्य मंदिरात ‘अरे, आव्वाज कुणाचा!’ म्हणून घसा बसेपर्यंत आम्ही ओरडायचो, समोरच्या कॉलेजची नक्कल करायचो, त्यांच्या एकांकिकेची चिरफाड करायचो. ते सगळं चालायचं. एका वर्षी आमची एकांकिका फेरीबाहेर गेली आणि मी रागाच्या भरात दुसऱ्या कॉलेजात असलेल्या माझ्या शाळेतल्या मैत्रिणीला तिच्या भाषेवरून बोलले. ती खेड्यातून आलेली होती. ‘तुमच्याकडे शुद्ध बोलणारं कोणी मिळालं नाही वाटतं,’ असं काहीतरी. नाटकाबद्दल काही म्हणाले असते तर तिने मला चार शब्द सुनावले असते आणि आम्ही चहाला गेलो असतो. मी तिच्या आईबद्दल, तिच्या घराबद्दल बोलले होते, हे मला तेव्हा कळलंच नाही. सहा वर्षं आम्ही बोललो नाही. तिच्या लग्नाला मी नव्हते. ती जागा आजही माझ्या मनात रिकामी आहे.

मस्करीची कुस्करी नेमकी कुठे होते, हे मला त्या दिवसाने शिकवलं. सिग्नेटी पर्ड्यूला टाकाऊ म्हणाला, ते टीमला. तुम्ही ब्रॉमला शिव्या घाला, तो पगार घेऊन मैदानात उतरलेला माणूस होता, त्याच्या कातडीला ती सवय आहे. मित्राच्या लाल शर्टाची यथेच्छ टिंगल करा. त्याची लेक मात्र या खेळात उतरलेलीच नव्हती. ती तिच्या अभ्यासाच्या जोरावर एका चांगल्या विद्यापीठात गेली आणि काकाने तिच्या बापाच्या बारा मित्रांसमोर तिच्या प्रवेशावरून टोमणा मारला. पाडव्याचा मेसेज आला नाही, म्हणजे ते तिच्या कानावर गेलं आहे. मला यात सगळ्यात जास्त तेच लागलं.

आता काय करायचं ते सांगते.

मेसेज करू नका. फोनही नको. तुम्ही दोघं एकाच शहराच्या आसपास राहता, गाडी काढा आणि त्याच्या घरी जा. रविवारी सकाळी जा, माणूस घरी असतो. जाताना पत्नीला बरोबर नेऊ नका, नाहीतर दोघी बिचाऱ्या वातावरण हलकं करण्याच्या मागे लागतील आणि बोलायचं ते राहून जाईल. दारातच सांगा: ‘मी तुला गद्दार म्हणालो ते चुकलं. लेकीबद्दल बोललो ते त्याहून चुकलं.’ एवढंच. त्यानंतर ‘पण तूही’ हे शब्द तोंडातून येऊ देऊ नका. फोटोचा विषय, ‘आपण’चा विषय, काहीही काढू नका त्या दिवशी. तो काढेल तेव्हा बोला. आणि ‘गद्दार’ हा शब्द कायमचा बाजूला ठेवा. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात तो इतका घासला गेलाय की ऐकणाऱ्याला त्यात फक्त द्वेष ऐकू येतो, मैत्रीतला राग ऐकू येत नाही.

मुलीशी वेगळं बोला. बापामार्फत निरोप पाठवून भागणार नाही, ती आता मोठी आहे. तिला फोन करून सांगा की काका चुकला. तिच्या कॉलेजबद्दल विचारा, आणि मनापासून विचारा. तिची टीम १६-० गेली आहे, तिच्याकडे सांगण्यासारखं खूप असेल.

मग ग्रुप. अपमान चौदा जणांसमोर झाला, तर माफीही तिथेच हवी. दोन ओळी लिहा, कारणं देऊ नका. उरलेले बारा जणही इतके दिवस गप्प बसले आहेत आणि त्यांनाही अवघडल्यासारखं झालं असेल. त्याला परत घ्यायची घाई करू नका, तो त्याच्या पायाने येईल.

तो पहिल्या रविवारी नीट बोलला नाही, तर? तरीही तुम्ही गेलात, हे त्याला दिसलं. पुन्हा जा. इंडियानात बॉब नाइटची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. १९८५ मध्ये पर्ड्यूविरुद्धच्या मॅचमध्ये मैदानात खुर्ची फेकणारा इंडियानाचा तोच बास्केटबॉल कोच. सप्टेंबर २००० मध्ये विद्यापीठाने त्याला काढलं आणि त्याने असा अबोला धरला की ज्या हॉलमध्ये तीन नॅशनल चॅम्पियनशिपचे झेंडे त्याच्यामुळे लागले होते, तिथल्या मॅचला तो जवळजवळ वीस वर्षं फिरकलाच नाही. शेवटी ८ फेब्रुवारी २०२० ला आला, पर्ड्यूच्याच मॅचच्या हाफटाइमला. तोवर तो ७९ वर्षांचा झाला होता, चालताना त्याचे जुने खेळाडू आजूबाजूला होते. लोक उभे राहून रडत होते. मीही तो प्रसंग टीव्हीवर पाहिला आणि माझ्या मनात एकच येत होतं की मधली वीस वर्षं कोणाकडून मागायची? पावणेचार वर्षांनी तो गेला.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं राहिलं. निष्ठेला किंमत आहे का? आहे, आणि तुम्ही म्हणता तशी ती चाहत्याकडेच राहिली आहे. सिग्नेटी जेम्स मॅडिसन विद्यापीठातून आला तेव्हा तिथले डझनभर खेळाडू त्याच्याबरोबर आले. त्यांना कोणी दोष देत नाही, नियमच आता तसे आहेत. चाहत्याला मात्र ट्रान्स्फर मिळत नाही. पण तुम्ही ज्याला पर्ड्यू म्हणता ते काय आहे, ते एकदा मनाशी बघा. तिथे तुम्ही दोन वर्षं होतात. परक्या देशातला तो तुमचा पहिला पत्ता, तुमचं अमेरिकेतलं माहेर. त्या दोन वर्षांतले प्रोफेसर निवृत्त झाले, तुमच्या वेळचा कोच गेला, त्यानंतरचेही कितीतरी येऊन गेले. तुम्ही राहत होतात ती इमारत तरी आज आहे का? त्या हिवाळ्याचा साक्षीदार असा आता एकच माणूस उरला आहे, आणि जानेवारीत तुम्ही त्याला ग्रुपबाहेर घालवलंत.

बकेटची साखळी तुम्ही कधी जवळून बघितली आहे का? दरवर्षी जो जिंकेल त्याच्या अक्षराची कडी तिला जोडतात, ‘पी’ किंवा ‘आय’. पहिली मॅच १९२५ मध्ये ०-० बरोबरीत सुटली, त्यामुळे पहिल्या कडीवर दोन्ही अक्षरं आहेत. मुलीला विचारा, तिला कदाचित हे माहीत नसेल.

येत्या नोव्हेंबरात मॅच ब्लूमिंग्टनला आहे. तिकिटं तीन काढा, आणि ती तुम्हीच काढा. तुम्ही काळ्या-सोनेरी शर्टात जा, ती लालमध्ये येईल. मित्राने काय घालायचं ते त्याच्यावर सोडा. गाडीत थर्मासमध्ये मिसळीचा रस्सा घ्या, फरसाण वेगळं ठेवायचं.

ते जॅकेट आता कोणाकडे आहे, हे तुम्ही लिहिलेलं नाही. तुमच्याकडे असेल तर रविवारी गाडीत टाका. त्याच्याकडे असेल, तर माफी मागून झाल्यावर आधी तेच विचारा.